क्वालिटी विभागात रुजू होताना आधी रुग्णालयाची रचना समजून घ्या

वॉर्डात स्टाफ नर्स म्हणून काम केल्यानंतर मी रुग्णालयाच्या क्वालिटी विभागात, म्हणजे सेवेचा दर्जा आणि रुग्णांची सुरक्षितता पाहणाऱ्या विभागात आले. नव्याने रुजू होणाऱ्या मुलामुलींना मी आवर्जून सांगते की, एनएबीएचची (रुग्णालयांना दर्जाची मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची) मानके पाठ करण्याआधी आपल्या रुग्णालयात कोण कोणाला जबाबदार आहे, हे नीट पाहून घ्या. चूक दिसल्यावर माणसे बोलतात की गप्प बसतात, हे बऱ्याच अंशी त्यावरच ठरते.

आपल्याकडील अनेक खासगी आणि ट्रस्टच्या रुग्णालयांत परिचारिका मेट्रनच्या (मुख्य परिचारिकेच्या) हाताखाली असतात, आरएमओ म्हणजे निवासी डॉक्टर मेडिकल सुपरिटेंडंटच्या, वॉर्डबॉय आणि मावश्या कंत्राटदाराच्या. आणि ज्यांच्या शब्दावर उपचार चालतात ते व्हिजिटिंग कन्सल्टंट मात्र रुग्णालयाचे नोकरदार नसल्याने या उतरंडीच्या बाहेरच राहतात. रात्री दोन वाजता सिस्टरला एखाद्या डोसबद्दल शंका आली, तर तिने विचारायचे कोणाला? आरएमओ पुष्कळदा बीएएमएस किंवा बीएचएमएस असतो आणि मोठ्या डॉक्टरांना झोपेतून उठवून प्रश्न विचारण्याचे धाडस त्यालाही होत नाही. ‘शंका असल्यास थेट कन्सल्टंटला फोन करावा आणि त्याबद्दल कोणी रागावल्यास सुपरिटेंडंट परिचारिकेच्या पाठीशी उभे राहतील’ असे लेखी धोरण असणे आणि ते एकदा तरी प्रत्यक्षात पाळले गेलेले सर्वांनी पाहणे, हे मला भिंतीवरच्या दहा पोस्टरांपेक्षा मोलाचे वाटते.

आमच्याकडचा एक प्रसंग सांगते. अँटिबायोटिकची व्हायल पातळ करण्यासाठी सिस्टरने ट्रेमधून दहा मिलीचा प्लास्टिकचा अँप्युल उचलला. फोडण्याआधी लेबल वाचले, तर ते डिस्टिल्ड वॉटर नसून पोटॅशियम क्लोराइड होते. हे औषध पातळ न करता थेट शिरेतून गेले, तर हृदय बंद पडू शकते. त्या वेळी इन्सिडेंट फॉर्ममधील, म्हणजे झालेली किंवा थोडक्यात टळलेली चूक नोंदवण्याच्या फॉर्ममधील, पहिला रकाना ‘चूक करणाऱ्याचे नाव’ हा होता आणि शेवटचा ‘केलेली कारवाई’. असा फॉर्म भरणे म्हणजे स्वतःच्या हाताने मेमो लिहून घेणे, हे वॉर्डातील प्रत्येकीला ठाऊक होते. तरीही त्या सिस्टरने तो भरला, म्हणून मूळ कारण शोधता आले. स्टोअरने कंपनी बदलली होती, नवा अँप्युल हुबेहूब पाण्याच्या अँप्युलसारखा दिसत होता आणि खरेदी समितीत वॉर्डातील एकही परिचारिका नव्हती. मेमो देऊन भागवले असते, तर तोच अँप्युल दुसऱ्या ट्रेमध्ये पडून राहिला असता. पुढे पोटॅशियम क्लोराइड सर्वसाधारण वॉर्डांतून काढून फार्मसी आणि आयसीयूपुरते ठेवले, एका इन्चार्ज सिस्टरला खरेदी समितीत घेतले आणि फॉर्ममधला नावाचा रकाना ऐच्छिक केला. त्यानंतर फॉर्मची संख्या वाढली, तेव्हा व्यवस्थापन घाबरले. नोंदी वाढल्या म्हणजे चुका वाढल्या असे नव्हे, हे वरिष्ठांना शांतपणे आणि पुन्हा पुन्हा समजावणे हा या नोकरीचा मोठा भाग आहे, याची तयारी ठेवा.

ऑपरेशन थिएटरमध्येही हेच दिसते. जागतिक आरोग्य संघटनेच्या शस्त्रक्रिया चेकलिस्टचा अभ्यास दिल्लीसह आठ शहरांतील रुग्णालयांत झाला. 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार शस्त्रक्रियेनंतरचे मृत्यूंचे प्रमाण 1.5 टक्क्यांवरून 0.8 टक्क्यांवर आले होते. पण कागद तोच असला, तरी ‘टाइम आउट’ (चीर देण्याआधी सर्वांनी थांबून रुग्ण आणि शस्त्रक्रिया पडताळणे) म्हणणाऱ्या फ्लोअर नर्सला सर्जनचा हात थांबवण्याचा अधिकार नसेल, तर केस संपल्यावर सगळ्या चौकटींत एकदम टिक केली जाते. ऑडिटला जाल तेव्हा भरलेले कागद मोजत बसू नका. टाइम आउटच्या वेळी थिएटरमध्ये स्वतः उभे राहा.

सुरक्षा संस्कृतीच्या, म्हणजे चुकांबद्दल कर्मचारी किती मोकळेपणाने बोलू शकतात याच्या, सर्वेक्षणासाठी अमेरिकेतील एएचआरक्यू या आरोग्यसेवेच्या दर्जावर काम करणाऱ्या सरकारी संस्थेची 2004 पासूनची प्रश्नावली आपल्याकडेही वापरली जाते. तिचे निकाल संपूर्ण रुग्णालयाच्या सरासरीने मांडू नका. वॉर्डनिहाय आणि हुद्द्यानिहाय वेगळे काढा. सुपरिटेंडंटची उत्तरे आणि रात्रपाळीच्या सिस्टरची उत्तरे यांत जिथे सर्वाधिक अंतर पडते, तिथून काम सुरू करा. कंत्राटी कर्मचाऱ्यांनाही त्यात घ्या, कारण रुग्णाला स्ट्रेचरवरून हलवणारे हात त्यांचेच असतात.

मुलाखतीला जाल तेव्हा पगाराबरोबर आणखी एक चौकशी करा : क्वालिटीचा प्रमुख कोणाला रिपोर्ट करतो? उत्तर ‘मेडिकल डायरेक्टर’ किंवा ‘थेट विश्वस्त’ असेल, तर तुमच्या अहवालावर निर्णय होण्याची शक्यता बरीच असते. ‘मार्केटिंग’ असेल, तर तिथे एनएबीएचचे प्रमाणपत्र हवे आहे, पण इन्सिडेंट फॉर्म नको आहेत, असे समजून पुढचे प्रश्न विचारा.