‘कॉन्फिडंट’ लिहू की ‘कॉन्फिडन्स’? असं ठरवा

मराठी माध्यमात शिकलेल्यांच्या नोकरीच्या अर्जांत एक वाक्य मला हमखास दिसतं: ‘आय ॲम कॉन्फिडन्स’. ही चूक निष्काळजीपणातून होत नाही, ती मराठीच्या सवयीतून येते. आपण म्हणतो, मला भूक लागली, मला राग आला, मला खात्री आहे, मला अभिमान वाटतो. भूक, राग, खात्री, अभिमान ही सगळी नामं. इंग्रजी अशा वेळी त्या माणसाचंच वर्णन करते: आय ॲम हंग्री, अँग्री, शुअर, प्राउड. ही सगळी विशेषणं.

तेव्हा आधी मागचा शब्द बघा. ‘ॲम, इज, आर, वॉज, फील’ यांच्यानंतर माणूस कसा आहे ते सांगायचं असेल तर विशेषण घ्या. ‘हॅव’, ‘माय’, ‘हर’ यांच्यापुढे एकटाच शब्द येत असेल तर नाम. म्हणून ‘आय ॲम कॉन्फिडंट’, पण ‘आय हॅव कॉन्फिडन्स’.

तरी शंका राहिली तर ‘व्हेरी’ लावून बघा. ‘व्हेरी ऑनेस्ट’ बसतं, ‘व्हेरी ऑनेस्टी’ बसत नाही. म्हणजे ऑनेस्ट हे विशेषण. ही परीक्षा इंग्रजीतच घ्या, कारण मराठीत ‘खूप प्रामाणिक’ चालतं आणि ‘खूप प्रामाणिकपणा’ही चालतो.

मग शब्दाचा शेवट ऐका. डिफरंट–डिफरन्स, इम्पॉर्टंट–इम्पॉर्टन्स, सायलेंट–सायलेन्स: अशा जोडीत शेवटी ‘ट’ आला की विशेषण, ‘स’ आला की नाम. जोडी नसेल तर हा नियम लावू नका. स्टुडंट आणि ॲक्सिडंट ही नामंच आहेत. ‘पेशंट’ तर दोन्हीकडे जातो. ‘शी इज पेशंट’ म्हणजे ती धीराची आहे, ‘शी इज अ पेशंट’ म्हणजे ती रुग्ण आहे. एका ‘अ’ने सगळा अर्थ फिरतो, म्हणून तो लिहिताना फार जपा.

सगळ्यात फसवी जागा म्हणजे नामाच्या आधीची. तिथे विशेषणच हवं असं शाळेत मनात बसलेलं असतं, पण ‘सेफ्टी पिन’, ‘हेल्थ इन्शुरन्स’, ‘ब्युटी पार्लर’ यांत पहिला शब्द नामच आहे. इथे मराठीची मदत घ्या: ‘चा, ची, साठी’ लावून अर्थ जुळला तर नाम ठेवा. पार्लर सौंदर्यासाठी असतं, म्हणून ब्युटी. पार्लरच देखणं असेल तर ब्युटिफुल. ‘सक्सेस स्टोरी’ ही यशाची गोष्ट. माणूस मात्र यशस्वी, म्हणून ‘सक्सेसफुल मॅन’.