सोनं आधी, रंग नंतर : सोनेरी पोथीकाम शिकताना या चुका टाळा

मध्ययुगीन युरोपातल्या मठांत व्हायचं तसं चर्मपत्रावरचं सोनेरी काम मी शिकवते. नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सोनं चिकटवायचं असतं, त्यामुळे दर वर्षी चुका त्याच.

सगळ्यात महाग पडणारी चूक म्हणजे आधी रंग आणि मग सोनं. एका विद्यार्थ्याने बायबलमधल्या स्तोत्रसंहितेच्या सुरुवातीला येतं तसं मोठं ‘बी’ अक्षर घरी तीन आठवडे रंगवलं. निळी जमीन इतकी देखणी उतरली होती की मलाच हेवा वाटला. वर्गात येऊन म्हणतो, “ताई, आता फक्त सोनं राहिलंय.” माझ्या पोटात गोळा आला. डिंकात कालवलेला रंग श्वासाच्या दमटपणाने पुन्हा चिकट होतो, आणि सोन्याच्या वर्खाला गेसोचा लेप (सोन्याखाली देतात तो, श्वासाने चिकट होणारा) कुठला नि निळा रंग कुठला हे कळत नाही. मी थांब म्हणेपर्यंत त्याने वर्ख टेकवला होता. निम्म्या निळ्यावर सोन्याचे ठिपके! चाकूने खरवडायला गेला तर निळा निघाला, खालचं कातडं फुसफुशीत झालं. त्याला रागावले नाही. पहिल्या वर्षी मीही हेच केलं होतं.

१२व्या शतकातलं विंचेस्टर बायबल बघा, इंग्लंडमधली हस्तलिखित पोथी. त्यातली काही अक्षरं अर्धवटच राहिली : कुठे नुसतं रेखाटन, कुठे सोनं लागलंय पण रंगाचा पत्ता नाही. क्रम कळायला याहून वेगळा साक्षीदार नको. शिवाय सोन्याची कड कधीच सरळ येत नाही; नंतर येणारा रंग आणि काळी रेघ ती झाकून घेतात. रंग आधीच होऊन गेला असेल तर मी बटर पेपर कापून रंगावर झाकते आणि देवाचं नाव घेते. खात्री देत नाही.

दुसरी चूक श्वासाची. लेपावर फुंकर मारायची नसते, ‘हा’ करायचा असतो, चष्मा पुसताना करतो तसा. फुंकरीने लेप उलट सुकतो. मी कागदाची पुंगळी करून दोन-तीनदा ‘हा’ करते, लगेच वर्ख टेकवते. लेपात साखर किंवा मध घालतात तो ओल धरायलाच. पण पावसाळ्यात युरोपातलं प्रमाण जसंच्या तसं घेतलंत तर लेप सुकतच नाही आणि चमक आणायला अकीक, म्हणजे घोटायचा गुळगुळीत दगड, फिरवला की सोनं दगडाबरोबर उचलून येतं. जुलैत मी साखर निम्मी करते आणि घोटाई दुसऱ्या दिवशी सकाळी. चित्रकलेवर जुनं हस्तपुस्तक लिहिणारा इटालियन चित्रकार चेन्नीनो चेन्नीनी, त्याने घोटायला कुत्र्याचा दातही चालतो असं लिहिलंय. माझं अकिकावर भागतं.

केल्सच्या पोथीसारखं (आयर्लंडमधली प्रसिद्ध जुनी सचित्र पोथी) सोनं हवं म्हणणाऱ्यांनी ऐका : त्या पोथीत सोनं नाही. पिवळं दिसतं ती हरताळ. आपल्याकडच्या पोथ्यांत चुकलेल्या अक्षरांवर फासायचे तीच, म्हणून तर ‘हरताळ फासणे’. ती शिशाच्या सफेद्यात किंवा जंगालात (तांब्यापासूनचा हिरवा रंग) मिसळू नका, शेजारीही लावू नका, रंग काळवंडतो. आर्सेनिक असतं तिच्यात, तेव्हा कोरडी पूड उडवत बसू नका.

स्वस्तातला पितळी वर्ख नको. काळा पडतो.

चर्मपत्राची केसांकडची आणि मांसाकडची बाजू ओळखल्याशिवाय लेखणी उचलू नका. पानं जुळवताना केसांकडची बाजू केसांकडच्या बाजूसमोर.

चुकलेलं अक्षर शाई ओली असताना खरवडू नका. पूर्ण वाळू द्या, मग धारदार चाकू.

आणि रंग कालवायला अंड्याचा पांढरा बलक घेत असाल तर तो फेटून लगेच वापरू नका. फेस रात्रभर तसाच ठेवा, सकाळी तळाशी साचलेलं पाणी तेवढं घ्या. वर्गात दर वेळी कोणीतरी “फेसच लावला तर?” असं विचारतं. लावा. सुकल्यावर बुडबुड्यांच्या जागी जी भोकं दिसतील, ती मला दाखवायला आणू नका.