नवा मेटल डिटेक्टर: आधी कान तयार करा

डिटेक्टरचा खोका उघडला की थेट शेतात किंवा समुद्रावर पळावंसं वाटतं. आठवडाभर थांबा. यंत्राचे आवाज ओळखायला शिकायचं ते घरच्या अंगणात. इथली माहिती नवशिके घेतात त्या साध्या, एका फ्रिक्वेन्सीच्या व्हीएलएफ (अतिशय कमी फ्रिक्वेन्सीवर चालणाऱ्या) डिटेक्टरसाठी आहे.

जोडणी सोपी असते, पण कॉइलचा, म्हणजे दांड्याच्या टोकाच्या तबकडीचा, नट प्लास्टिकचा असतो. तो हातानेच आवळा. पान्हा लावलात तर आटे जातील. वायर दांड्याला घट्ट गुंडाळत वर न्या. लोंबती राहिली तर ती कॉइलजवळ हलत राहते आणि खाली धातू नसतानाही बीप येतो. फक्त कॉइलपाशी थोडी ढील ठेवा, म्हणजे कॉइल वाकवताना वायर ताणली जाणार नाही. ताठ उभं राहून हात सैल सोडला की कॉइल जमिनीलगत यावी, इतका दांडा लांब हवा. कमरेत वाकावं लागत असेल तर एक भोक पुढे सरकवा.

पहिली परीक्षा हवेतली. ती घरात घेऊ नका, स्लॅबमधल्या सळया आणि भिंतीतल्या वायरी डिटेक्टरला शांत बसू देत नाहीत. अंगणात प्लास्टिकच्या खुर्चीवर यंत्र आडवं ठेवा. अंगठी, घड्याळ, बांगड्या काढा, मोबाइल लांब ठेवा. सेन्सिटिव्हिटी (यंत्राची संवेदनशीलता) निम्म्यावर, डिस्क्रिमिनेशन (नको त्या धातूंचे आवाज गाळण्याची सोय) शून्यावर. मग कॉइलसमोरून १० सेंमी अंतरावर एकेक वस्तू हलवत न्या: खिळा, गोळ्यांची रिकामी पट्टी, सोड्याच्या बाटलीचं पत्र्याचं बूच, पाचचं पिवळं नाणं, चांदीचं जोडवं, सोन्याची अंगठी. प्रत्येकाचा पडद्यावरचा आकडा आणि आवाज वहीत लिहा.

वहीकडे नीट पाहिलं की दोन गोष्टी लक्षात येतात. नाजूक अंगठी आणि गोळ्यांची पट्टी यांचे आकडे जवळपास सारखेच येतात. म्हणजे कचरा नको म्हणून डिस्क्रिमिनेशनने त्या आकड्यांचा आवाज बंद केला, तर सोनंही गेलं. दुसरी गोष्ट आपल्याकडची. बाहेरच्या देशांतले व्हिडिओ सांगतात, लोखंड बंद करून टाका. पण १९९२ पासून निघालेलं रुपयाचं नाणं फेरिटिक स्टेनलेस स्टीलचं आहे. लोहचुंबक लावून पाहा, चिकटतं. हल्लीचं दोनचंही तसंच. ही नाणी कधी लोखंडाच्या आकड्यांत घुसतात, कधी एकदम वर उडी मारतात. म्हणून पहिला महिना डिस्क्रिमिनेशन शून्यावरच राहू द्या आणि बीप आला की खणा. खिळे पुष्कळ निघतील. कान त्यांच्यावरच तयार होतो.

आता माती. डेक्कनच्या बेसाल्टमध्ये मॅग्नेटाइट हे चुंबकीय लोहखनिज असतं, त्यामुळे काळ्या मातीत, मुरमावर यंत्र उगाच कुरकुरतं. कोकणातल्या जांभ्यातही लोहाचे ऑक्साइड भरपूर. यावर उपाय ग्राउंड बॅलन्स, म्हणजे मातीकडे दुर्लक्ष करायला यंत्राला शिकवणं. धातू नसलेली जागा शोधा, त्यासाठी आधी तिथे कॉइल फिरवून खात्री करा. मग ग्राउंड बॅलन्सचं बटण दाबून कॉइल जमिनीपासून ३ ते २५ सेंमी अशी सावकाश वर-खाली करा. आठ-दहा वेळा केल्यावर वर जाताना आणि खाली येताना आवाज सारखा लागला की जमलं. माती बदलली, शेताचा बांध ओलांडला, की पुन्हा करा. एवढं करूनही खडबड ऐकू येत असेल तर सेन्सिटिव्हिटी उतरवा. नवशिके ती चढवत नेतात आणि खोलीऐवजी गोंगाट वाढवून ठेवतात. नाण्याएवढ्या वस्तूसाठी २० सेंमीची स्वप्नं भुसभुशीत, स्वच्छ मातीत ठीक. आपल्या काळ्या मातीत निम्मी खोली मिळाली तरी यंत्र चांगलं चाललंय म्हणायचं.

कॉइल घड्याळाच्या लंबकासारखी फिरवू नका. दोन्ही टोकांना ती उचलली जाते आणि तिथली खोली वाया जाते. जमिनीला समांतर, दोन बोटं वर ठेवून, एका बाजूकडून दुसरीकडे साधारण दोन सेकंदांत न्या. पुढची फेरी आधीच्या फेरीवर निम्मी चढलेली हवी. ही यंत्रं कॉइल हलत असतानाच बोलतात, थांबलात की गप्प होतात.

बीप आला की ९० अंश वळून त्याच जागेवर पुन्हा फिरवा. दोन्ही दिशांनी आकडा स्थिर असेल तर खणायला हरकत नाही. एका दिशेने गोड आणि दुसऱ्या दिशेने तुटक आवाज बहुधा वाकड्या खिळ्याचा. नेमकी जागा शोधायला पिनपॉइंटचं बटण दाबून कॉइल फुलीच्या आकारात हलवा. आवाज सर्वांत मोठा जिथे, तिथे मध्यबिंदू.

खणायला खुरपं पुरे. कुदळ घेतली की नाण्यावर ओरखडा ठरलेला. गवत असेल तर तीन बाजूंनी कापून झाकणासारखं उलटवा, माती गोणपाटावर काढा, वस्तू मिळाली तरी खड्डा पुन्हा तपासा आणि बुजवून टाका.

समुद्रावर कोरडी वाळू सर्वांत सोपी. ओल्या, खारट वाळूत साधं यंत्र बडबडतं. बीच मोड असेल तर तो लावा, नसेल तर सेन्सिटिव्हिटी बरीच उतरवा. कॉइल पाण्यात चालते म्हणून कंट्रोल बॉक्सही चालेल असं समजू नका. घरी आल्यावर कॉइल गोड्या पाण्याने धुवा, बॅटऱ्या काढून ठेवा.

किल्ले, लेणी, संरक्षित स्मारकं इथे डिटेक्टर नेऊच नका. दुसऱ्याच्या शेतात मालकाची परवानगी आधी. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत लपवलेलं १० रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काही सापडलं, तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. तोफगोळा किंवा बॉम्बसारखं काही दिसलं तर हात लावू नका, जागेवर खूण करून लांब व्हा आणि ११२ वर फोन करा.