वाचनालयातून गाणं घरी नेताय? या चुका टाळा

मोबाइलवर सगळं मिळत असताना वाचनालयातून सीडी किंवा कॅसेट कशाला आणायची, हा प्रश्न येतोच. मोबाइल तुम्ही कालपर्यंत जे ऐकलंत त्याच्याच आसपासचं आज पुढे करतो. कपाटाला तुमची आवड माहीत नसते. तिथे नाट्यसंगीताला खेटून सरोदवादन असतं, त्याच्या मागे कर्नाटकी गायन. नवं गाणं सापडायला ही सरमिसळच कामाला येते. तरीही पुष्कळ सीड्या न ऐकताच परत जातात. अशा वेळी दोष क्वचितच गाण्याचा असतो. काउंटरवर, यंत्रात किंवा ऐकण्याच्या पहिल्या पंधरा मिनिटांत काहीतरी चुकलेलं असतं.

न विचारता, न उघडता घेणं

नाशिकच्या टिळक पथावरचं सार्वजनिक वाचनालय १८४० सालचं आहे. पण वाचनालय इतकं जुनं असो वा कॉलनीतलं कालचं, पुस्तकांचे नियम ध्वनिमुद्रणांनाही लागू असतील असं धरून चालू नका. घरी देतात की तिथेच ऐकायचं, अनामत वेगळी लागते का, मुदत किती, हे आधी विचारा. आणखी एक विचारा: पुस्तकांबरोबर आलेल्या सीड्या कुठे ठेवता? संगीतावरच्या काही पुस्तकांच्या मागच्या आवरणात सीडी असते. हरवू नये म्हणून ती काढून खणात ठेवली की सूचीत तिचा पत्ताच लागत नाही.

सही करण्याआधी डबी काउंटरवरच उघडा. दोन सीड्यांच्या संचात दोन्ही आहेत का, आतली माहितीपत्रिका आहे का, कॅसेट डबीवरच्या नावाचीच आहे का, ते बघा. जुने ओरखडे दिसले तर नोंदवून घ्या, नाहीतर परत देताना ते तुमच्या नावावर लागतात. मधल्या भोकापासून तडा गेलेली सीडी घेऊच नका. कॉम्प्युटरच्या ड्राइव्हमध्ये ती इतक्या वेगाने फिरते की तडा वाढून तुकडे होऊ शकतात.

डिकीत ठेवून गावभर फिरणं

वाचनालयातून निघून शालिमारला भाजी, मेन रोडवर दोन कामं, आणि सीडी स्कूटरच्या सीटखाली. एप्रिल-मेच्या उन्हात ती जागा चांगलीच तापते. सीडी किंचित वाकते, कॅसेटचं कवच वाकडं होतं आणि फीत आत घासू लागते. घरी लिहिलेल्या सीडीतला रंगद्रव्याचा थर तर उन्हाने उडतोच. खांद्यावरच्या पिशवीत ठेवा, पावसाळ्यात वर प्लॅस्टिकची पिशवी घाला.

सीडी गोल गोल पुसणं

सगळ्यात जास्त होणारी चूक हीच. सीडीवरचं गाणं आतून बाहेर जाणाऱ्या एकाच लांबलचक चक्राकार रेषेत साठवलेलं असतं. मध्यापासून कडेकडे गेलेला ओरखडा प्रत्येक फेऱ्यात त्या रेषेचा जरासाच तुकडा खातो आणि प्लेअर तेवढी तूट भरून काढतो. गोल ओरखडा मात्र रेषेच्या सोबतीने धावतो. सलग माहिती जाते आणि गाणं अडकतं. म्हणून मऊ सुती कापड घ्या आणि मध्यातून कडेकडे सरळ हात फिरवा. डाग जात नसेल तर थेंबभर पाणी लावा. टूथपेस्टचे प्रयोग स्वतःच्या सीडीवर करा, वाचनालयाच्या नको.

चकाकणारी बाजू सगळे जपतात, पण जास्त नाजूक असते ती छापील बाजू. खालून १.२ मिलिमीटर प्लॅस्टिकचं संरक्षण असतं. वरून चकाकत्या थरावर फक्त लाखेसारखा पातळ लेप असतो. उजेडासमोर धरल्यावर टाचणीएवढी भोकं दिसली तर तो थरच उडालेला आहे. तिथे पुसून उपयोग नाही.

अडकण्याच्या जागेवरूनही दुखणं कळतं. सीडी आतून बाहेर वाचली जाते. त्यामुळे फक्त शेवटचीच गाणी अडकत असतील तर कडेवरचे बोटांचे ठसे पुसा. सुरुवातच होत नसेल तर भोकाजवळची पट्टी बघा. ती स्वच्छ असेल तर सीडी एमपीथ्रीची असू शकते, आणि जुना सीडी प्लेअर ती ओळखत नाही. घरातल्या सगळ्याच सीड्या अडकत असतील तर प्लेअरचं भिंग मळलं आहे. नव्या लॅपटॉपला ड्राइव्ह नसतो. यूएसबीचा बाहेरून जोडायचा ड्राइव्ह चालतो, आणि माळ्यावरचा डीव्हीडी प्लेअरही गाण्याची सीडी वाजवतो.

आणि शफल, म्हणजे गाणी उलटसुलट क्रमाने लावणारी सोय, बंद करा. रागाचा विस्तार अनेकदा दोन-तीन ट्रॅकमध्ये तोडलेला असतो. शफल चालू राहिलं की द्रुत (जलद लयीतलं) आधी आणि विलंबित (संथ लयीतलं) मागून येतं, आणि ऐकणारा म्हणतो, शास्त्रीय काही कळत नाही बुवा.

कॅसेट थेट यंत्रात घालणं

बरेच दिवस पडून राहिलेली फीत सैल होते. तशीच लावली तर रबरी चाकाभोवती गुंडाळली जाते आणि चुरगळते. षटकोनी पेन्सिल चाकाच्या दात्यांत घाला आणि फीत ताठ होईपर्यंत हलक्या हाताने फिरवा. मग खालच्या उघड्या कडेला, मधोमध, पितळी पट्टीवर चिकटवलेला नमद्याचा (फेल्टचा) छोटा तुकडा आहे का ते बघा. हा तुकडा फीत वाचणाऱ्या हेडला ती दाबून धरतो. तो गळून पडला की आवाज ब्लँकेटखालून आल्यासारखा येतो आणि लोक उगाच डेकला दोष देतात.

फितीच्या गुंडाळीवर पांढुरकी पूड दिसली तर ती पावसाळ्यातली बुरशी आहे. अशी कॅसेट वाजवू नका, काउंटरवर दाखवून परत द्या. एक वाजवली तर बुरशी हेडला लागून पुढच्या कॅसेटवर जाते. हेड आणि रबरी चाक आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापसाच्या काडीने पुसा आणि पूर्ण वाळू द्या.

स्वर डळमळतो का, हे तंबोऱ्यावर ओळखा. सलग षड्ज (सा) लाटेसारखा हलत असेल तर डेकचा पट्टा सैल झालाय. गायकाच्या माथी मारू नका. वेग सुमारे ६ टक्क्यांनी चुकला की पट्टी अर्ध्या स्वराने, म्हणजे पेटीच्या एका पट्टीने, सरकते. डेकवर डॉल्बीचं, म्हणजे फितीची खरखर कमी करणारं, बटण असेल आणि कॅसेटवर डॉल्बीची खूण नसेल तर ते बंद ठेवा, नाहीतर आवाज बोथट येतो.

ओळखीचंच नाव उचलणं, आणि तेही तासाभराचं

नवं ऐकायचं म्हणून गेलेला माणूस पाठ असलेलं नाव घेऊन येतो. किंवा दुसरं टोक गाठतो: अनोळखी गायकाचा विलंबित एकतालातला तासाभराचा ख्याल लावतो आणि दहाव्या मिनिटाला बंद करतो. सुरुवात मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकड्यांवरून केलेल्या सीड्यांनी करा. दहा इंची तबकडीच्या एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटंच मावायची, त्यामुळे गायकाला रागाचा अर्क तेवढ्यातच काढावा लागे. गायक दत्तात्रेय विष्णु पलुस्कर १९२१ साली नाशिकलाच जन्मले आणि १९५५ साली गेले. तो काळ या छोट्या तबकड्यांचाच. नाशिककराने त्यांच्यापासून सुरुवात करावी, हा आमचा थोडा पक्षपात.

पुढचं नाव माहितीपत्रिकेतून काढा. राग, ताल, तबला, पेटी, सारंगी, सगळं तिथे छापलेलं असतं, आणि मोबाइलवर अनेकदा नेमकं तेच गाळलेलं असतं. साथीदाराचं नाव धरून दुसरी सीडी शोधा. किंवा राग तोच ठेवून घराणं, म्हणजे गायकीची परंपरा, बदला: किराणा घराण्याच्या हिराबाई बडोदेकरांनंतर जयपूर-अत्रौलीच्या मोगूबाई कुर्डीकर. एकाच रागाकडे दोन वाटांनी कसं जातात ते लगेच कानाला कळतं. पत्रिकेवरचं वर्ष मात्र जपून वाचा. ते बहुतेकदा सीडी बाजारात आली त्याचं असतं, गायलं त्याचं नव्हे. १९३०च्या दशकातला आवाज १९९०नंतरच्या डबीत सर्रास भेटतो.

एका वेळी तीन घ्या: एक ओळखीचं, एक ऐकून माहीत असलेलं आणि एक पूर्ण अनोळखी. अनोळखी सीडी घेतल्याच्या दिवशी लावा, शेवटच्या दिवसासाठी ठेवू नका, कारण ती एकदा ऐकून पुरत नाही. आलाप बारीक आवाजात येतो म्हणून आवाज वाढवलात तर तबला सुरू होताच दचकाल. तेव्हा आधी मधला ट्रॅक थोडा लावून आवाज ठरवा, मग पहिल्यापासून ऐका.

परत देण्याआधी राग, गायक, साथीदार आणि डबीवरचा वाचनालयाचा क्रमांक वहीत उतरवून घ्या. क्रमांक असला की तीच सीडी पुन्हा मागता येते. कॅसेट असेल तर ‘अ’ बाजूच्या सुरुवातीपर्यंत गुंडाळून द्या.