ईएमएफ आणि आरोग्य या रिसर्चमध्ये यायचंय? मग आधी मोजायला शिका

विद्युतचुंबकीय क्षेत्रांचा शरीरावर काय परिणाम होतो यावर काम करायचंय म्हणणारी बरीच मुलं भेटतात आणि जवळपास सगळ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, मोबाईलने कॅन्सर होतो की नाही ते एकदाचं सांगा. माझं म्हणणं असं की त्याच्या आधीचा प्रश्न धरा. शरीराच्या कुठल्या भागापर्यंत नेमकं किती फील्ड पोचलं, किती वेळ पोचलं आणि ते तुम्हाला कसं कळलं? माझं निम्मं करिअर या एका प्रश्नात गेलंय आणि मला त्याचं समाधान आहे, कारण या विषयातले बहुतेक वाद शेवटी तिथेच येऊन अडकतात.

मी फिजिक्स करून इकडे आले. फिजिक्सवाल्यांचा एक आवडता युक्तिवाद असतो, की १ गिगाहर्ट्झच्या फोटॉनची एनर्जी जेमतेम ४ मायक्रो-इलेक्ट्रॉनव्होल्ट, आयनीकरणाला लागतात साधारण १० इलेक्ट्रॉनव्होल्ट, म्हणजे एक्सरेसारखा डीएनए थेट तुटणं शक्यच नाही, विषय संपला. आकडे बरोबर आहेत, पण त्यातून एक मार्ग बंद झाला एवढंच सिद्ध होतं, बाकीचं तपासून बघावंच लागतं. उलट बायोलॉजीतून येणाऱ्यांना पेशी उत्तम कळतात पण ५० हर्ट्झ (घरातली वीज) आणि १८०० मेगाहर्ट्झ (मोबाईल) यांचं शरीरातलं वागणं किती वेगळं आहे हे कोणी शिकवलेलंच नसतं. ५० हर्ट्झला शरीरात विद्युत क्षेत्र निर्माण होतं आणि ते खूपच जास्त झालं तर नसा उत्तेजित होतात, आरएफला, म्हणजे मोबाईलसारख्या रेडिओ फ्रिक्वेन्सीला, मात्र टिश्यूमध्ये एनर्जी शोषली जाऊन ते तापतं. म्हणून आरएफमध्ये सगळी भाषा एसएआरची, म्हणजे दर किलोला किती वॅट शोषले गेले. पूर्ण शरीराला ४ वॅट प्रति किलो मिळाले तर आतलं तापमान साधारण १ अंशाने वाढू शकतं, आणि आयसीएनआयआरपी या सुरक्षा मर्यादा सुचवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने सर्वसामान्य लोकांसाठीची मर्यादा त्याच्या ५० पट खाली, ०.०८ वर ठेवलीय. हा हिशोब तोंडपाठ हवा, कारण कुठलाही पेपर हातात घेतला की आधी हेच बघायचं की यांनी दिलेला डोस या पट्टीवर कुठे बसतो.

आता लॅबबद्दल जरा सविस्तर सांगते कारण हे कोर्समध्ये मिळत नाही. २००० साली नेचरमध्ये एक पेपर आला होता, सूक्ष्म गोलकृमींवर अगदी कमी ताकदीचे मायक्रोवेव्ह सोडले तर न तापताही त्यांच्यात उष्णतेच्या ताणाची प्रोटीन्स तयार होतात असा. खूप गाजला. पुढे त्याच गटाने सेटअप पुन्हा नीट तपासला तेव्हा निघालं की एक्स्पोज केलेले नमुने ०.२ अंशाच्या आसपास जास्त गरम होत होते, आणि तेवढी उष्णता नुसती दिली तरी तोच परिणाम दिसत होता. २००६ मध्ये त्यांनी स्वतः पेपर मागे घेतला. मला या लोकांबद्दल प्रचंड आदर आहे, आणि माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला मी ही गोष्ट पहिल्याच आठवड्यात सांगते.

तर तापमान मोजायचं फायबर ऑप्टिक प्रोबने, कारण धातूचा सेन्सर आरएफमध्ये ठेवला की तो स्वतःच फील्ड बिघडवतो आणि रीडिंगही चुकीचं देतो. ५० हर्ट्झचं काम असेल तर कॉइल गरम होते आणि बारीक थरथरतेही, मग कंट्रोलसाठी, म्हणजे फील्ड न दिलेल्या तुलनेच्या नमुन्यांसाठी, कॉइल नुसती बंद ठेवून चालत नाही. त्यासाठी दुहेरी वाइंडिंगची कॉइल वापरतात, दोन तारांमधून एकाच दिशेने करंट सोडला तर फील्ड मिळतं, उलट दिशेने सोडला तर फील्ड एकमेकांना खोडून काढतं पण उष्णता तेवढीच राहते. याला खरं शॅम एक्स्पोजर म्हणायचं. आणखी एक, ज्या इन्क्युबेटरमध्ये पेशी वाढवता त्याच्या पंख्याचं, हीटरचं स्वतःचं चुंबकीय क्षेत्र असतं, ते एकाच शेल्फवर इकडे वेगळं तिकडे वेगळं, कधीकधी तुम्ही ज्याचा परिणाम शोधताय त्याहूनही जास्त. पेशी ठेवण्याआधी रिकामा इन्क्युबेटर मीटर फिरवून मॅप करा. आणि स्लाइड मोजणाऱ्याला कुठली एक्स्पोज केलेली आणि कुठली शॅम हे कळता कामा नये, कोड लावणारा माणूस वेगळाच हवा, लॅब कितीही छोटी असली तरी.

लॅबपेक्षा माणसांवरच्या अभ्यासात रस असेल तर एपिडेमिऑलॉजी, म्हणजे कोणाला आजार होतो आणि का हे लोकसंख्येत शोधणं. याची सुरुवात १९७९ च्या डेनव्हरमधल्या अभ्यासाने झाली, वर्थायमर आणि लीपर या दोघांनी घराजवळच्या वीजतारांची रचना बघून मुलांमधल्या ल्युकेमियाशी संबंध मांडला. २००० मध्ये अनेक देशांचा डेटा एकत्र केला तेव्हा सरासरी ०.४ मायक्रोटेस्लाच्या वरच्या चुंबकीय क्षेत्रात राहणाऱ्या मुलांमध्ये जोखीम साधारण दुप्पट दिसली, पण अशी मुलं एकूणात फारच कमी, आणि असं का व्हावं याची पटेल अशी यंत्रणा अजून हाती लागलेली नाही. आयएआरसी या जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने ही क्षेत्रं २००१ मध्ये २बी गटात टाकली, आरएफही २०११ मध्ये तिथेच गेलं. २बी म्हणजे शक्यता नाकारता येत नाही इतपत पुरावा, यापेक्षा जास्त काही त्यातून काढू नका आणि कमीही काढू नका.

इंटरफोन हा मोबाईल आणि मेंदूच्या ट्यूमरवरचा अभ्यास तर प्रत्येक नवख्याने मुळातून वाचावा. १३ देश, निकाल २०१० चा. नियमित फोन वापरणाऱ्यांमध्ये ग्लायोमा या मेंदूच्या ट्यूमरची जोखीम चक्क कमी दिसली, ०.८१ (१ म्हणजे न वापरणाऱ्यांइतकीच), आणि सगळ्यात जास्त म्हणजे १६४० तासांच्या वर बोललेल्यांमध्ये १.४०. फोन मेंदूचं रक्षण करतो असं कोणी म्हणणार नाही, म्हणजे कंट्रोल म्हणून, ट्यूमर नसलेल्या तुलनेच्या गटात, भाग घ्यायला कोण तयार झालं आणि कोण नाही यातच काहीतरी तिरपं होतं, आणि जास्तीच्या टोकाला काही लोकांनी दिवसाला न पटण्याइतके तास सांगितले होते. दहा वर्षांपूर्वी रोज किती बोलायचात हे कोणाला आठवणार, आणि ज्याला ट्यूमर झालाय तो तर कारण शोधत मागे मागे जाऊन आठवत असतो. म्हणूनच पुढे कॉसमॉससारखा अभ्यास उभा राहिला, लोक निरोगी असतानाच नोंद करायची, ऑपरेटरच्या डेटाचा आधार घ्यायचा आणि वर्षानुवर्षं वाट बघायची. २०२४ मध्ये अडीच लाखांहून जास्त लोकांचा निकाल आला, त्यात जास्त बोलणाऱ्यांमध्ये मेंदूच्या ट्यूमरची जोखीम वाढलेली दिसली नाही.

दुसरीकडे अमेरिकेच्या एनटीपी या सरकारी विषशास्त्र कार्यक्रमाने २०१८ मध्ये आरएफ दिलेल्या नर उंदरांच्या हृदयात श्वानोमा (नसांच्या आवरणाचे ट्यूमर) वाढल्याचं नोंदवलं, डोस १.५ ते ६ वॅट प्रति किलो, पूर्ण शरीराला, दिवसाला ९ तास, जवळपास जन्मभर, आणि त्यात एक्स्पोज केलेले नर कंट्रोलपेक्षा जास्त जगले. कंट्रोल लवकर मेले तर म्हातारपणी येणारे ट्यूमर त्यांच्यात दिसायला वेळच कमी मिळाला, असा आक्षेप येतो, त्यावर उत्तरंही आहेत. हे सगळं एकत्र डोक्यात ठेवून शांतपणे बोलता आलं पाहिजे. मला या विषयात सगळ्यात अवघड हेच वाटतं.

पैशाबद्दल. २००७ मध्ये एक रिव्ह्यू आला होता, त्यात दिसलं की फक्त इंडस्ट्रीच्या पैशावर झालेल्या प्रयोगांमध्ये परिणाम सापडल्याचं प्रमाण कमी आहे. म्हणून पैसा कंपनीचा असला तरी मधे स्वतंत्र संस्था हवी आणि निकाल छापायचा हक्क लेखी तुमच्याकडे हवा. नसेल तर ग्रँट सोडा. मी सोडलीय आणि पुन्हा वेळ आली तर पुन्हा सोडेन.

आणि लोक. टॉवरमुळे झोप लागत नाही, डोकं दुखतं म्हणून रडवेले होऊन येणारे लोक तुम्हाला भेटतील. डबल ब्लाइंड प्रयोगांमध्ये फील्ड चालू आहे की बंद हे त्यांना ओळखता येत नाही, चालू आहे असं वाटलं की त्रास होतो, हे पुन्हापुन्हा दिसलंय. पण त्रास खरा असतो, डोकं खरंच दुखत असतं. त्यांना उडवून लावणाऱ्या माणसाला मी माझ्या ग्रुपमध्ये घेत नाही. बरेचदा त्यांच्या घरी मीटर घेऊन जाऊन रीडिंग समोर दाखवलं, कानाला लावलेल्या स्वतःच्या फोनचा डोस लांबच्या टॉवरपेक्षा कितीतरी जास्त असतो आणि रेंज कमी असली की फोन जास्त पॉवर सोडतो हे समजावलं, तर निदान बोलणं तरी सुरू होतं.

नोकऱ्या फक्त युनिव्हर्सिटीतच आहेत असं समजू नका. स्टँडर्ड ठरवणाऱ्या संस्था, रेग्युलेटर, एसएआर टेस्टिंगच्या लॅब, एमआरआय आणि इंडक्शन हीटिंगवर काम करणाऱ्यांची सुरक्षा, शिवाय उपचारांची बाजू तर वेगाने वाढतेय. न जुळणाऱ्या हाडासाठी पल्स्ड फील्डला अमेरिकेत १९७९ मध्येच मान्यता मिळालीय, डिप्रेशनसाठी टीएमएसला (डोक्याबाहेरून चुंबकीय क्षेत्राने मेंदू उत्तेजित करणं) २००८ मध्ये, ग्लायोब्लास्टोमा या मेंदूच्या कॅन्सरसाठी २०० किलोहर्ट्झच्या फील्डला २०११ मध्ये. डोसिमेट्री, म्हणजे शरीरात पोचलेला डोस मोजणं, येणारा माणूस या सगळीकडे लागतो.

पीएचडीसाठी गाइड बघत असाल तर पब्लिकेशनची यादी नंतर बघा. लॅबमध्ये जा, एक्स्पोजर सिस्टीम दाखवा म्हणा, शॅम कसं करता विचारा, कोड कोण लावतं विचारा, आणि मागच्या प्रयोगाचा तापमानाचा लॉग बघायला मागा. लगेच काढून दिला तर तिथे अर्ज करा.