ऊसतोडीच्या आत कुत्र्यांच्या लसी उरका, आणि लाळ गाळणाऱ्या जनावराच्या तोंडात हात घालू नका

दिवाळी झाली, कारखाने पेटले. कराड, वाळवा, पलूस, शिराळ्याकडं आता टोळ्या उतरतील, खोपी पडतील, बैलं येतील आणि बैलांमागनं कुत्री पण येतील, माण-आटपाडीकडची मेंढरं त्यांच्या कुत्र्यांसकट येतात ती वेगळीच. फड तुटत गेला की आत दडलेली कोल्ही बाहेर पडतात. शिवाय थंडीत गावातल्या कुत्र्या व्यालेल्या असतात, पोरं पिल्लं उचलून छातीशी धरून हिंडतात. सगळी एकाच बांधावर, म्हणून रेबीजचं हे आत्ताच लिहितोय.

रेबीज म्हणलं की आपल्याला फक्त पिसाळलेलं कुत्रं आठवतं, गोठा आठवत नाही. आमच्या भावकीत एक गाय चारा सोडून उभी राहिली, तोंडातनं लाळेच्या तारा, पाणी पुढं ठेवलं तरी गिळता येईना. सगळे म्हणाले घशात वाडं अडकलं असंल. दोघांनी कोपरापर्यंत हात घातला, बोटांना कापलेलं होतंच, ऊस सोललेल्या हाताला कधी कापलेलं नसतं सांगा! काही सापडलं नाही. दुसऱ्या दिवशी आवाज घोगरा झाला, सारखी हंबरायला लागली, उगाच कळा दिल्यासारखं करायला लागली. डॉक्टर आले, लांबनंच बघून पहिला प्रश्न विचारला, कुत्रं चावलं होतं का. तेव्हा कुठं म्हातारीला आठवलं की दीडेक महिन्यापूर्वी रात्री गोठ्यात कुत्रं शिरलेलं. चौथ्या दिवशी गाय गेली. हात घातलेल्या दोघांना आणि धारा काढणाऱ्या वहिनींना सगळ्या सुया घ्याव्या लागल्या, पण वेळेत घेतल्या, तिघं ठणठणीत आहेत.

म्हणून जनावर लाळ गाळतंय, गिळता येत नाही, आवाज बदललाय, अंगावर येतंय किंवा मागचे पाय लुळे पडलेत, असं दिसलं की त्याला बाजूला बांधा, पोरांना लांब ठेवा आणि १९६२ या जनावरांच्या डॉक्टरांच्या सरकारी नंबरला फोन करा नाहीतर गावच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. त्याचं दूध डेअरीला घालू नका, कच्चं तर कुणीच पिऊ नका. उकळलेलं दूध आधीच पोटात गेलं असेल तर घाबरू नका, त्यातनं रेबीज झाल्याचं दिसलेलं नाही, पण डॉक्टरला सांगा. मेलं तर कातडं काढायचं नाही, ओढ्याला टाकायचं नाही, खोल खड्डा काढून पुरायचं. एकदा लक्षणं दिसली की जनावराला इलाज नाही. मात्र कुत्रं चावल्याचं त्याच दिवशी कळलं तर जखम साबणानं धुऊन लगेच लसीचा कोर्स सुरू करता येतो, म्हणून कुत्रं शिरल्याचं दिसलं की सगळी जनावरं पायापासनं तोंडापर्यंत चाचपून बघा.

माणसाला चावलं तर पहिलं काम दवाखाना नाही, पहिलं काम नळ. १५ मिनिटं, घड्याळ लावून, वाहत्या पाण्याखाली साबण लावून धुवायचं. या विषाणूला चरबीचं आवरण असतं, साबणानं ते फुटतं, म्हणून कपड्याचा साबण असला तरी चालतो. हळद, चुना, तंबाखू, मिरची काही भरू नका, पट्टी करकचून बांधू नका. मग त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्र. पोटातली १४ इंजेक्शनं कधीच बंद झाली, आता दंडात घेतात, सरकारी दवाखान्यात कातडीत देतात तो कोर्स ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी. दंडाच्या स्नायूत देतात तिथं १४ वा दिवस पण धरतात. रक्त आलं असेल, तोंडाला-डोक्याला चावलं असेल, किंवा लाळ उघड्या जखमेवर नाहीतर डोळ्यात-तोंडात गेली असेल तर लसीबरोबर जखमेत सीरम, म्हणजे विषाणूला लगेच अडवणारं तयार औषध, भरावं लागतं. हे तोंडानं मागा, तिथं नसेल तर सिव्हिलला जा पण जाच. विषाणू नसांमधनं मेंदूकडं चढतो, त्याला बहुतेक वेळा १ ते ३ महिने लागतात, तोंडावरच्या चाव्याला कमी, आणि एकदा माणूस पाण्याला घाबरायला लागला की वाचत नाही म्हणलं तरी चालेल. एवढी सवड असताना मंत्रलेल्या भाकरीपायी माणूस गमावायचा, हे मला बघवत नाही.

चावलेलं कुत्रं १० दिवस जगतंय का बघा म्हणतात ते खरंय, पण सुई सुरू करून बघायचं, थांबून नाही. कोल्ह्या-मुंगसाला तो नियम लागतच नाही. दिवसाढवळ्या न भिता अंगावर येणारं कोल्हं दिसलं तर वनखात्याला कळवा, काठी घेऊन मागं पळू नका.

आपली कुत्री तीन महिन्यांची झाली की लस, मग बूस्टर, मग दरवर्षी. टोळीच्या कुत्र्यांचं मुकादमाशी बोलून एकाच दिवशी उरका, ग्रामपंचायतीनं डॉक्टर बोलावला तर अर्ध्या दिवसाचं काम आहे.

जाता जाता गाभडलेल्या गाईचं. शेवटच्या महिन्यांत गाभडली तर ब्रुसेला, म्हणजे माणसालाही लागणारा गाभ पाडणारा रोग, असू शकतो, वार उघड्या हातानं ओढू नका, हातमोजे घाला. कालवडींना ४ ते ८ महिन्यांच्या वयात एकदा लस मिळते.

आणि खोपीतल्या पोराला चावलं तर त्याच्या बापाचा खाडा पडतो म्हणून तो बोलत नाही. तुमच्या फडात असेल तर तुमच्या गाडीवर घेऊन जा. टोळी मधेच दुसरीकडं हलली तरी उरलेले डोस तिथल्या दवाखान्यात मिळतात, फक्त केसपेपर प्लास्टिकच्या पिशवीत घालून त्याच्या आईच्या हातात द्या, आणि पुढची तारीख तिला दोनदा सांगा.