टोमाश रोसित्स्कीची कारकीर्द कशी पाहावी

झेक फुटबॉलपटू टोमाश रोसित्स्की लंडनच्या आर्सेनल क्लबकडून दहा वर्षांत २४६ सामने खेळला आणि त्यात त्याने २८ गोल केले. झेक प्रजासत्ताकाच्या राष्ट्रीय संघाकडून त्याच्या नावावर १०५ सामने आणि २३ गोल आहेत. आक्रमक मध्यरक्षक म्हणून एवढा नावाजलेला खेळाडू आणि गोल इतके कमी कसे, असा प्रश्न ही नोंद वाचणाऱ्याला पडतो. त्याचे उत्तर आकडेवारीत सापडत नाही आणि निवडक गोलांच्या चार मिनिटांच्या चित्रफितीतही सापडत नाही, कारण रोसित्स्कीचे खरे काम बहुतेक वेळा गोलच्या तीन-चार पास आधी उरकलेले असते. त्याची कारकीर्द समजून घ्यायची असेल तर मोजके सामने निवडून ते पूर्ण पाहावेत, त्यांचा क्रम विचारपूर्वक लावावा आणि पाहताना नजर चेंडूवर न ठेवता त्याच्यावर ठेवावी. आपल्याकडे बहुतेकांनी त्याला इंग्लंडच्या प्रीमिअर लीगच्या प्रक्षेपणांतूनच पाहिले असल्याने सुरुवात तिथून करणे सोयीचे आहे.

पहिल्या दिवशी पूर्ण सामना लावू नये. २२ फेब्रुवारी २०१४ रोजी आर्सेनलने संडरलँडला ४-१ असे हरवले, त्या सामन्यात मध्यंतराच्या थोडे आधी रोसित्स्कीने केलेला गोल तेवढा शोधावा. ही चाल काही सेकंदांची आहे. जॅक विल्शर, सांती काझोर्ला आणि ऑलिव्हिए जिरू यांच्याशी रोसित्स्की एका स्पर्शात चेंडूची देवाणघेवाण करतो, बचावफळी कापत पेनल्टी क्षेत्रात शिरतो आणि गोलरक्षक व्हितो मानोनेच्या अंगावरून चेंडू अलगद उचलून जाळ्यात टाकतो. ही चाल एकदा नेहमीच्या वेगाने पाहावी, नंतर आवाज बंद करून पाहावी आणि तिसऱ्यांदा चेंडूकडे पूर्ण दुर्लक्ष करून केवळ त्याचे पाय पाहावेत. पास दिल्यानंतर तो एकदाही थांबत नाही, हे तिसऱ्या खेपेला दिसते. दिलेल्या पासचे काय झाले ते पाहत न बसता तो पुढच्या रिकाम्या जागेकडे आधीच निघालेला असतो, आणि पुढचे सगळे सामने पाहताना हीच सवय शोधायची आहे.

त्यानंतर त्याच्या मानेकडे लक्ष द्यावे. चेंडू आपल्याकडे येण्याआधी रोसित्स्की दोन्ही खांद्यांवरून झटकन मागे पाहून घेतो. लोकलमधून उतरण्याआधी मुरलेला प्रवासी फलाटाचा अंदाज घेतो, तसे हे पाहणे असते. त्यामुळे चेंडू पायाशी येतो तेव्हा पुढे काय करायचे याचा निर्णय झालेला असतो. उजव्या पायाच्या बाहेरच्या बाजूने दिलेले पास ही त्याची सर्वांत प्रसिद्ध लकब आहे आणि तिचेही मूळ याच घाईत आहे. पायाच्या आतल्या बाजूने पास द्यायचा तर शरीर वळवावे लागते, त्यात वेळ जातो आणि चेंडू कुठे जाणार हे समोरच्या बचावपटूला कळते. बाहेरच्या बाजूने मारलेला चेंडू धावण्याची लय न मोडता जातो आणि त्याची दिशा शेवटच्या क्षणापर्यंत लपून राहते. पाहणाऱ्यांना हा दिखाऊपणा वाटण्याचा संभव आहे, पण माझ्या मते ती काटकसर आहे.

आता पहिला पूर्ण सामना घ्यावा, तो म्हणजे १२ जून २००६ रोजी गेल्सनकिर्शन येथे झालेली विश्वचषकातील झेक प्रजासत्ताक विरुद्ध अमेरिका ही लढत. झेक संघाने ती ३-० अशी जिंकली. पाचव्या मिनिटाला यान कोलरने डोक्याने गोल केला आणि उरलेले दोन रोसित्स्कीचे होते. त्यांपैकी पहिला, ३६व्या मिनिटाचा, सुमारे ३० यार्डांवरून मारलेल्या फटक्याचा आहे आणि प्रत्येक चित्रफितीत तोच दाखवतात. आपण मात्र ७६व्या मिनिटाच्या दुसऱ्या गोलवर अधिक वेळ घालवावा. सहकारी पावेल नेदव्हेदचा पास येण्याच्या बराच आधी रोसित्स्कीची धाव सुरू झालेली आहे आणि पुढे सरसावलेला अमेरिकेचा गोलरक्षक केसी केलर याच्यावरून चेंडू उचलण्यापूर्वी त्याने वेग किंचितही कमी केलेला नाही. संडरलँडविरुद्धच्या गोलचे हे जवळपास आठ वर्षांपूर्वीचे रूप आहे, आणि दोन्ही लागोपाठ पाहिल्यावर ही हातोटी किती जुनी होती याची खात्री पटते.

हा सामना पाहताना कोलरवरही एक डोळा ठेवावा. तो पहिल्याच अर्धात जखमी होऊन बाहेर गेला आणि पुढच्या दोन सामन्यांत झेक संघ घाना आणि इटली यांच्याकडून प्रत्येकी ०-२ असा हरून गटातच बाद झाला. रोसित्स्कीसारखा खेळाडू समोर कोण उभा आहे यावर किती अवलंबून असतो, ते यावरून समजते. उंचापुरा कोलर बचावपटूंना अंगावर ओढून घेत असे, चेंडू छातीवर किंवा डोक्यावर घेऊन मागे टाकत असे आणि त्यामुळे मोकळ्या झालेल्या जागेत रोसित्स्की शिरत असे. ही जोडी राष्ट्रीय संघापुरती मर्यादित नव्हती, बोरुसिया डॉर्टमुंड या जर्मन क्लबमध्येही दोघे एकत्र होते.

म्हणून तिसरा टप्पा डॉर्टमुंडचा घ्यावा. ४ ऑक्टोबर १९८० रोजी प्रागमध्ये जन्मलेला रोसित्स्की स्पार्टा प्रागमध्ये घडला आणि जानेवारी २००१ मध्ये, विशीतच, डॉर्टमुंडला गेला. ‘छोटा मोझार्ट’ हे टोपणनाव त्याला जर्मनीतच चिकटले. मथियास झामरच्या मार्गदर्शनाखाली डॉर्टमुंडने २००१-०२ ची बुंडेसलिगा, म्हणजे जर्मन लीग, लेव्हरकुझनपेक्षा एका गुणाने पुढे राहून जिंकली. पुढे मार्सिओ आमोरोझो, एव्हेर्तों आणि कोलर, आणि त्यांच्या मागे सूत्रे हलवणारा रोसित्स्की अशी ती रचना होती. त्याच आठवड्यात, ८ मे २००२ रोजी, रॉटरडॅम येथे युरोपीय क्लबांच्या यूएफा चषकाच्या अंतिम सामन्यात डॉर्टमुंड फेयेनूर्डकडून २-३ असे हरले. सामना पाहण्यास कठीण आहे, कारण युर्गेन कोलरला (हा जर्मन बचावपटू, झेक आघाडीवीराशी गल्लत करू नये) लाल कार्ड मिळाल्यावर पहिल्या अर्धापासूनच डॉर्टमुंड दहा जणांनिशी खेळत होते. तरीही तो पाहावा, असा माझा आग्रह आहे. संघ एका माणसाने कमी झाला की सर्जनशील मध्यरक्षकाच्या वाट्याला मागे धावण्याचे कष्ट येतात, आणि ते कष्ट करणारा रोसित्स्की गोलांच्या संकलनात कधीच दिसत नाही.

चौथा सामना युरो २००४ च्या उपांत्य फेरीचा, १ जुलै रोजी पोर्तो येथे ग्रीसविरुद्धचा. त्या स्पर्धेत झेक संघाचा खेळ सर्वांत देखणा होता, असे त्या वेळी पुष्कळांचे मत होते आणि नेदरलँड्सविरुद्ध दोन गोलांची पिछाडी भरून काढत मिळवलेला ३-२ असा विजय त्याची साक्ष देतो. ग्रीसविरुद्ध पहिल्या काही मिनिटांतच रोसित्स्कीने मारलेला चेंडू गोलच्या आडव्या दांडीवर आदळला. मध्यंतरापूर्वी नेदव्हेद गुडघा दुखावून बाहेर गेला आणि जादा वेळेच्या पहिल्या सत्राच्या अखेरीस ट्रायानोस देलासने ‘सिल्व्हर गोल’ करून सामना संपवला (जादा वेळेचे पहिले सत्र संपताना आघाडीवर असलेला संघ विजयी, असा तेव्हाचा नियम होता). येथे सामन्याचे दोन भाग पाडून पाहावे, नेदव्हेद मैदानावर असतानाचा आणि तो गेल्यानंतरचा. दोघांच्या कामाची वाटणी त्यातून उलगडते. नेदव्हेद दमछाक करणाऱ्या धावांनी आणि दुरून मारलेल्या फटक्यांनी सामना ओढून नेणारा होता, तर रोसित्स्की मधल्या पट्ट्यात चेंडूची गती ठरवत असे. २००३ चा बॅलन डी’ओर हा सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार जिंकणाऱ्या नेदव्हेदच्या मापाने रोसित्स्कीला मोजण्याची चूक अनेक जण करतात. हा सामना लक्षपूर्वक पाहिल्यावर ती होणार नाही.

यापुढे जाण्याआधी कागदावर एक साधी कालरेषा आखावी आणि तिच्यावर तो खेळत नव्हता ते काळ ठळक रंगाने भरावेत. ही पायरी कंटाळवाणी वाटली तरी टाळू नये, कारण या कारकिर्दीचा आकार तिच्याशिवाय कळत नाही. २६ जानेवारी २००८ रोजी न्यूकॅसलविरुद्धच्या एफए चषक (इंग्लंडमधील बाद पद्धतीची स्पर्धा) सामन्यात तो दुखापतीमुळे बाहेर पडला आणि आर्सेनलच्या संघात परतला तो थेट सप्टेंबर २००९ मध्ये, मँचेस्टर सिटीविरुद्ध. मधल्या काळात युरो २००८ ही स्पर्धा त्याच्यावाचून होऊन गेली. जखमी होण्यापूर्वीच्या त्या हंगामात सेस्क फाब्रेगास, मॅथ्यू फ्लामिनी, अलेक्सांदर ह्लेब आणि रोसित्स्की ही आर्सेनलची मधली फळी रंगात होती आणि संघ विजेतेपदाच्या शर्यतीत होता. अखेरीस ८३ गुणांसह, विजेत्या मँचेस्टर युनायटेडपेक्षा चार गुणांनी मागे, तो तिसरा आला. हे विजेतेपद केवळ रोसित्स्कीच्या अनुपस्थितीमुळे हुकले असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल, कारण आघाडीवीर एदुआर्दोचा पाय मोडण्यासारखे इतर आघातही त्या हंगामात झाले. तरीही त्या चौघांची लय शोधायची असेल तर ऑगस्ट २००७ ते जानेवारी २००८ एवढ्याच खिडकीत शोधावी लागते, हे कालरेषा दाखवते.

त्या खिडकीआधीचा एक सामना आवर्जून पाहण्यासारखा आहे. ६ जानेवारी २००७ रोजी एफए चषकाच्या तिसऱ्या फेरीत आर्सेनलने लिव्हरपूलला त्यांच्याच अ‍ॅनफिल्डवर ३-१ असे हरवले, त्यात पहिल्या अर्धातले दोन्ही गोल रोसित्स्कीचे होते. २००६ च्या उन्हाळ्यात तो लंडनला आला तेव्हा रोबेर पिरेसची सात क्रमांकाची जर्सी त्याला मिळाली होती आणि प्रशिक्षक आर्सेन वेंगर त्याला पुष्कळदा डाव्या बाजूने खेळवत. कागदावरची जागा डावी असली तरी तो सतत मध्याकडे सरकत असतो. तो कडेवर नेमका किती वेळ थांबतो हे पहिल्या २० मिनिटांत घड्याळ लावून पाहिले तर ‘आक्रमक मध्यरक्षक’ या बिरुदाचा अर्थ कोणत्याही व्याख्येपेक्षा लवकर कळेल.

दुखापतीनंतरच्या रोसित्स्कीसाठी टॉटनहॅमविरुद्धचे दोन सामने पुरेसे आहेत. २६ फेब्रुवारी २०१२ रोजी ०-२ असे मागे पडलेल्या आर्सेनलने ५-२ असा विजय मिळवला, त्यात ५१व्या मिनिटाला आघाडी मिळवून देणारा तिसरा गोल त्याचा होता. चेंडू उजवीकडे बकारी सान्याकडे सोपवून तो धावत पेनल्टी क्षेत्रात गेला आणि सान्याचा पास बचावपटूच्या आधी गाठून त्याने जाळ्यात ढकलला. हा त्याचा दोन वर्षांहून अधिक काळानंतरचा पहिला लीग गोल होता. दुसरा सामना १६ मार्च २०१४ चा, टॉटनहॅमच्या व्हाइट हार्ट लेन मैदानावरचा. अ‍ॅलेक्स ऑक्सलेड-चेंबरलेनशी देवाणघेवाण करून उजवीकडून मारलेला त्याचा फटका ७२व्या सेकंदाला दूरच्या वरच्या कोपऱ्यात गेला आणि सामना १-० असाच संपला. येथे गोल झाल्यावर चित्रफीत बंद करण्याचा मोह होईल, पण पाहण्यासारखे खरे तर पुढेच आहे. उरलेला जवळजवळ सगळा वेळ आर्सेनल बचाव करत होते आणि ३३ वर्षांचा रोसित्स्की प्रतिस्पर्ध्यांच्या मागे धावत, घसरत चेंडू हिसकावत होता. विशीतल्या डॉर्टमुंडच्या खेळाडूपेक्षा हा वेगळा आहे. तो आता अधिक मागून सुरुवात करतो, संघाने चेंडू गमावताच पहिला झेप घेतो आणि प्रत्येक चढाईत पुढे जात नाही.

काही गोष्टी वगळल्या तरी चालतील. आर्सेनलमधील २०१५-१६ चा शेवटचा हंगाम पाहण्यासारखा नाही, कारण त्यात तो बर्नलीविरुद्धच्या एका एफए चषक सामन्यात बदली खेळाडू म्हणून उतरला आणि पुन्हा जखमी झाला. २०१६ मध्ये तो स्पार्टा प्रागला परतला, पण तेथेही दुखापतींनी पाठ सोडली नाही आणि डिसेंबर २०१७ मध्ये त्याने निवृत्ती जाहीर केली. पुढच्याच वर्षअखेर तो त्याच क्लबचा क्रीडा संचालक झाला आणि त्याच्या कारकिर्दीत स्पार्टाने २०२३ व २०२४ अशी सलग दोन वर्षे झेक लीग जिंकली. खेळाडूची नजर संघबांधणीत कशी उतरते हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे आणि तो सामन्यांच्या चित्रफितींतून होणार नाही.

सर्वांत शेवटी १७ जून २०१६ चा, युरो स्पर्धेतील क्रोएशियाविरुद्धचा सेंट एतियेन येथील सामना ठेवावा, आणि तो ५९व्या मिनिटापासून पाहिला तरी चालेल. इव्हान राकितिचच्या गोलने क्रोएशिया २-० असे पुढे जाते आणि कर्णधार रोसित्स्की ३५ वर्षांचा आहे. ७६व्या मिनिटाला तो उजव्या पायाच्या बाहेरच्या बाजूने चेंडू गोलसमोर वळवतो आणि मिलान श्कोडा तो डोक्याने जाळ्यात पाठवतो. पुढे प्रेक्षकांनी मैदानावर पेटते फ्लेअर टाकल्यामुळे खेळ थांबतो आणि अखेरच्या मिनिटांत तोमाश नेत्सिद पेनल्टीवर २-२ अशी बरोबरी साधतो. श्कोडाचा गोल मागे नेऊन पुन्हा पाहावा, पण या वेळी चेंडू मारला जाण्याच्या दोन सेकंद आधी थांबवावा आणि रोसित्स्की कुठे पाहत आहे ते पाहावे.